रकान्यात न मावलेली पऱ्हाटी

टिपेश्वरला जायचं ठरलं ते तुमच्यामुळे. आधीच्या जंगलाच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं, गर्दी नसलेलं, खिशाला झेपणारं एखादं अभयारण्य सांगा. मार्च महिना, सलग चार दिवस रिकामे, आणि वर्ध्यापर्यंतचं रेल्वेचं तिकीट चक्क पक्कं मिळालं. वाघाचा फोटो खाली लावलाय. तेवढ्यासाठीच आला असाल तर सरळ खाली जा, माझी हरकत नाही. पण मधला मजकूर लिहायला मला सात महिने लागले, आणि तो लिहिताना मला स्वतःची लाज वाटत होती, हे आधीच सांगून टाकते.

जाण्यामागे दुसरंही एक कारण होतं. पोटापाण्यासाठी मी सरकारी-निमसरकारी कागदांचं मराठी करते. आदल्या वर्षी माझ्याकडे एक मोठं काम आलं होतं. जगातल्या देशांनी पॅरिसला बसून तापमानवाढ आवरण्याचा करार केला, मग आपल्या देशाने आपल्या वाट्याचं उद्दिष्ट ठरवलं, त्यावरून राज्याचा आराखडा झाला, आणि आराखड्याला एकेका जिल्ह्याचं प्रकरण जोडायचं ठरलं. इंग्रजी मसुदा एका सल्लागार कंपनीचा, मराठी माझं. माझ्या वाट्याला यवतमाळ आलं. ती चाळीस पानं मी कोथरूडला पंख्याखाली बसून केली. यवतमाळ मी जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी मैत्रिणींमध्ये 'माझा जिल्हा' म्हणत मिरवत होते. आता एकदा माझा जिल्हा बघून येऊ, असा माझा थाट होता.

तर वाट अशी. वर्ध्याला उतरलात की स्टँडवर यवतमाळची एसटी मिळते. दोन तास धरा. डाव्या बाजूची खिडकी धरलीत तर सकाळचं ऊन लागतं, म्हणून उजवीकडे बसा. मार्चमध्ये पळस पेटलेला असतो आणि बाकी सगळं रान वाळकं. शेताशेतात माणसं वाळलेल्या कपाशीची झाडं उपटून ढीग लावत होती. उघड्या हातांनी जमत नाही, त्यासाठी लोखंडी चिमटा असतो, त्यात खोड धरून ओढायचं. शेजारच्या काकूंना मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, पऱ्हाटी. कापूस निघून गेल्यावर उरते ती. मी मनात म्हटलं, अच्छा, म्हणजे हे ते 'पिकांचे अवशेष'. माझ्या तक्त्यातला एक रकाना डोळ्यांसमोर उभा असल्याचं मला भारी कौतुक वाटलं.

यवतमाळला मला घ्यायला सलीमभाई आले होते. हे मूळचे दिग्रसचे, जीनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांचे मिस्त्री. कापूस घटला तसं काम घटलं, म्हणून आता जुनी बोलेरो भाड्याने फिरवतात. गाडीचा आवाज ऐकून तिला काय होतंय ते सांगतात आणि माणसांचंही तसंच करतात. मी बसल्या बसल्या दोन मिनिटांत त्यांनी ओळखलं की मला भूक लागलीय. दारव्हा रस्त्याला बोरी अरबच्या फाट्यावर थांबून आम्ही आलुबोंडे खाल्ले. वर तर्री ओतून देतात. ती नको म्हणू नका, पण पाण्याची बाटली जवळ ठेवा. दोघांचं पोटभर खाणं पुण्यातल्या एका कॉफीपेक्षा स्वस्तात होतं.

दिग्रसला सलीमभाईंनी मला एका जीनमध्ये नेलं. तुम्हीही विचारून आत जा, मालक लोक हौसेने दाखवतात. सरकी वेगळी होते, रुई धुरासारखी उडत असते, आणि बाहेर आल्यावर तुमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. पण दोनच यंत्रं चालू होती. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस आतून खाल्ला होता. सलीमभाईंनी एक किडकं बोंड फोडून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, जीनिंग पाह्यची असन तं आताच पाहून घ्या. पुढच्या साली चालू राहीन का नाही, मालकालेही मालूम नाही." मी फोटो काढला. फोटो चांगला आला म्हणून मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

मुक्काम दिग्रसच्या लॉजवर. गाद्या कडक, पंखा जोरात, माणसं भली. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्णी, घाटंजी करत पांढरकवड्याकडे निघालो. तीन तास लागतात, घाटंजीच्या पुढे रस्ता मधूनच गायब होतो. पांढरकवड्याजवळ केळापूर. तालुका याच गावाच्या नावाने ओळखला जातो, कचेऱ्या मात्र पांढरकवड्यात. केळापूरला देवीचं देऊळ आहे, सावली आहे, थंडगार पाणी आहे. जेवायचं कुठे म्हणून मी विचारलं, तर सलीमभाई म्हणाले, हॉटेलातलं कायले खाता, ओळखीच्या घरी जाऊ. जवळच्या एका पोडावरची पिठाची गिरणी ते वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलेत. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती, दहा-वीस घरांची.

घर लक्ष्मीबाईंचं. पन्नाशीच्या, बारीक, कामाचा उरक दांडगा. आम्ही आलो तेव्हा त्या घराच्या पश्चिमेच्या बाजूला उभ्या होत्या, आणि त्या बाजूला भिंतच नव्हती. नुसत्या लाकडी मेढी रोवलेल्या आणि मधे जुनं लुगडं बांधलेलं. मला वाटलं, बांधकाम अर्धवट सोडलंय. पुण्याच्या माणसाला यापेक्षा जास्त काय सुचणार. मग त्यांनी सांगितलं. भिंत पऱ्हाटीची असते. उभ्या काड्या जवळजवळ लावायच्या, आडव्या बांधायच्या, वरून शेणमातीने दोन्ही अंगांनी लिंपायचं. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, म्हणून ती बाजू दोन-तीन वर्षांनी कुजते आणि पावसाळ्याआधी नवी घालावी लागते. गेल्या पावसात ती बसली होती. बाजूला पऱ्हाटीची मोठी रास लावून ठेवली होती. लांब, सरळ काड्या निवडून वेगळ्या, आखूड वाकड्या चुलीसाठी वेगळ्या. बोंडअळीचं मी विचारलं तर म्हणाल्या, किडकी बोंडं झाडून आधीच जाळून टाकली, काडीत काही राहत नाही.

भिंतीची घाई होती ती लेकीसाठी. सुमन मारेगावकडे दिली होती, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरात, हे तुमच्या-आमच्याकडे तसंच तिथेही. सासूने येऊन घर बघितलं होतं आणि स्पष्ट सांगून गेली होती की एका बाजूने उघड्या घरात, ऐन पावसाच्या तोंडाशी, सून पाठवणार नाही. भिंत झाली की निरोप धाडा, त्याच आठवड्यात आणून सोडते. हे सगळं लक्ष्मीबाई भाकरी थापता थापता सांगत होत्या. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. मी तीन भाकरी खाल्ल्या. चुलीत आखूड पऱ्हाटी जळत होती.

हात धुतो तोच मोटारसायकलवरून ग्रामसेवक आले. वानखडे नावाचे, तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला फायलींची बॅग. स्वभावाने चांगला माणूस, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्यावर घसराल. त्यांनी पोडावरच्या लोकांना समाजमंदिराच्या ओट्यावर बोलावलं. उद्या सकाळी ट्रॉली येणार होती. तालुक्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या कोळशाचा नवा कारखाना निघाला होता, म्हणजे काडीकचरा दाबून त्याच्या कांड्या करतात, बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी जाळायला. सगळ्या गावांची पऱ्हाटी तिकडे पाठवायची असा ठराव झालेला. लोक कुरकुर करायला लागले, तेव्हा त्यांनी फाइल उघडली आणि आराखड्यातली ओळ मोठ्याने वाचली: "पिकांचे अवशेष गोळा करून ऊर्जानिर्मितीसाठी पाठवावेत."

ओळ माझी होती. ती ऐकताक्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण खरी शरमेची गोष्ट तीच आहे. मला आनंद झाला. पुण्यात टाइप केलेली ओळ इथे ओट्यावर कुणीतरी वाचतंय, या कौतुकाने माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे मराठी माझं आहे." वानखडे उडालेच. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, कुणाला तरी पाठवून नारळ मागवला, टाळ्या वाजवायला लावल्या. मॅडम पुण्याहून आल्यात, हा कागद ज्यांनी लिहिला त्या स्वतः आल्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेतला आणि हात जोडले.

लक्ष्मीबाई खाली पुढेच बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मंग बाई, तुमीच सांगा. माह्या भितीची पऱ्हाटी द्या लागते का?"

मी मोबाइलवर मूळ इंग्रजी मसुदा उघडला. रेंज नव्हती, पण फाइल उतरवून ठेवलेली होती. ती ओळ सापडायला वेळ लागला नाही. इंग्रजीत अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं की घरच्या गरजा भागून उरलेले अवशेष तेवढेच गोळा करावेत. मराठीत तेच चार शब्द नव्हते: 'घरच्या गरजा भागून उरलेले'. आणि मला सगळं आठवलं. तक्ता आडव्या पानावर होता, रकाना अरुंद. ती ओळ वाढली की शेवटची रांग पुढच्या पानावर जायची आणि एकटीच लोंबकळत राहायची. मला ते बघवत नव्हतं. मी चार शब्द काढले, तक्ता एका पानात बसला, आणि कंपनीतल्या समन्वयक बाईंनी माझ्या नेटकेपणाचं कौतुक केलं होतं. उत्तरेत गहू-भाताचा पेंढा शेतातच पेटवतात त्याच्या बातम्या मी पाहिल्या होत्या, तसंच काहीतरी असेल असं मी धरून चालले. पऱ्हाटीचं कुणी काय करतं, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं. विचारायला एक फोन पुरला असता.

मी वानखड्यांना बाजूला घेऊन फाइल दाखवली. ते इंग्रजी सावकाश वाचणारे, पण पक्के वाचणारे. दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "मॅडम, हे तं सोपं झालं. मलेही लोकांच्या भिती उचलून न्यायची हौस नाही. एका कागदावर लिहून द्या की मुळात हे चार शब्द आहेत आणि मराठीत राहून गेले. खाली सही. तेवढ्या कागदावर मी ट्रॉली थांबवतो, वर विचारलं तं फाइलीत दाखवायला होते." आणि त्यांनी स्वतःचा पेन काढून माझ्यापुढे धरला.

मी पेन घेतला नाही. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहायलाच हवं. करारपत्रात एक कलम होतं की मसुद्याबद्दल परस्पर कुणाला काही लिहून द्यायचं नाही. ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे की त्याच कंपनीकडून आणखी तीन जिल्ह्यांचं काम मला मिळायच्या बेतात होतं, आणि माझ्या हातून चूक झाली असं माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनिशी, एका सरकारी फाइलीत जाणार होतं. मी म्हणाले, मला तसा अधिकार नाही. पुण्याला गेल्यावर रीतसर कळवते. वानखड्यांनी पेन खिशाला लावला. मघाशी ते माझ्याकडे जसं बघत होते तसं पुन्हा बघितलं नाही.

लक्ष्मीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी पेन कळला होता. त्या म्हणाल्या, "लिव्हतानी अधिकार लागला नाही, आता कायले लागते?"

आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होत्या. मी काहीतरी पुटपुटले, नियम, प्रक्रिया, असलं. लोक उठून गेले. गाडीत, पांढरकवडा आल्यावर, सलीमभाई म्हणाले, "ताई, दोन ओळी लिहून द्या लागत होत्या." मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. हे वाक्यही मीच बोलले आहे.

पहाटे टिपेश्वर. सुन्ना गेटने जा, जिप्सी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, स्वेटर घ्या, मार्चमध्येही पहाटे गारठा असतो. सूर्य वर आल्यावर पाणवठ्याजवळ वाघीण दिसली. वीस पावलांवर, आमच्याकडे ढुंकूनही न बघता ती पाणी प्यायली. सोबतचे लोक श्वास रोखून बसले होते. मी घड्याळ बघितलं. ट्रॉलीची वेळ झाली होती. फोटो मात्र मी बावीस काढले, त्यातला सगळ्यात बरा खाली आहे.

परतताना सलीमभाईंनी मला न विचारता गाडी पोडाकडे वळवली. रास होती तिथे जमीन झाडल्यासारखी मोकळी होती, ट्रॉलीच्या चाकांचे माग होते, आणि चुलीपुरत्या चार काड्या एका कोपऱ्यात. नेणाऱ्यांनी निवडलेल्या आणि न निवडलेल्या एकत्रच भरल्या होत्या. पोडावर कुणाकडेच उरली नव्हती, त्यामुळे उसनी मागायचीही सोय नव्हती. जंगलातून बांबू तोडायची परवानगी नाही. लक्ष्मीबाईंनी आम्हाला प्यायला पाणी दिलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, पुण्याला गेले की लगेच पत्र पाठवते. त्या म्हणाल्या, पाठवा. मी त्याच दिवशी वर्ध्याची गाडी धरली आणि घरी आले.

लगेच काही पाठवलं नाही. आधी तीन जिल्ह्यांच्या कामाचा करार पक्का होऊ दे, असं स्वतःला सांगितलं. त्याला सात आठवडे लागले. करारावर सही झाली त्या संध्याकाळी समन्वयक बाईंना मेल लिहिला, घाबरत घाबरत, चार मसुदे पुसून. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. बरं झालं लक्षात आणून दिलंत, आभारी आहोत, शुद्धिपत्रक आजच काढतो. एका दिवसात. मला कुणी जाब विचारला नाही. कुणाची भुवईसुद्धा वाकडी झाली नाही. शुद्धिपत्रक जिल्ह्याला गेलं, तालुक्याला गेलं, आणि वानखड्यांनी फोन करून सांगितलं की पुढच्या हंगामापासून आधी घरची गरज, मग कारखाना, असा नवा ठराव घेतलाय. त्यांच्या बोलण्यात पहिल्यासारखं 'मॅडम मॅडम' नव्हतं.

त्या पावसात मी कामाला लागले ते एक नियम पाळून: तिन्ही जिल्ह्यांत आधी प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. एका तक्त्याची शेवटची रांग पुढच्या पानावर एकटीच लोंबकळतेय. राहू दिली. याने माझं मन हलकं झालं असेल असं तुम्हाला वाटेल. झालं नाही.

प्रवास म्हणून विचाराल तर जरूर जा. चार दिवस पुरतात, खर्च फार नाही, माणसं जिवाला जीव देणारी आहेत. गाडी हवी असेल तर मला विचारा, सलीमभाईंना विचारून त्यांचा नंबर देईन. माझ्याशी ते अजून बोलतात. गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. गिरणीचा पट्टा बदलायला ते पोडावर गेले होते.

सुमनला मुलगी झाली, मारेगावला, सासरी. दोघी चांगल्या आहेत. बाळंतपणाला लक्ष्मीबाई जाऊ शकल्या नाहीत, त्या दिवसांत घरात पाणी शिरत होतं आणि घर तसंच उघडं टाकून निघता येत नव्हतं. नात दोन महिन्यांची झाली, त्यांनी अजून पाहिलेली नाही. मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का. सलीमभाई म्हणाले, "नाही ताई. तुमचं पत्र पोचलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, पोचलं. तं म्हणे, चांगलं झालं."